दलदलीपासून सुरू होणारं पुस्तक

माझ्या आजोबांच्या लोखंडी ट्रंकेत, बायबल आणि 'उपासना संगीत' या गीतपुस्तकाच्या खाली, एक पुस्तक असायचं. मुखपृष्ठ नव्हतं, सुरुवातीची सात-आठ पानं गळून गेली होती आणि सुटी झालेली पाठ आजीने दाभणात सुतळी ओवून शिवली होती. आजोबा नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात मिशनच्या शाळेत मास्तर होते. रविवारी पाळकसाहेब येऊ शकले नाहीत तर उपासनाही तेच चालवायचे. दुपारची जेवणं झाली की ते मला त्या पुस्तकातलं एखादं पान मोठ्याने वाचायला लावत. पहिली पानंच नसल्यामुळे माझ्यासाठी ती गोष्ट एकदम चिखलात सुरू व्हायची. पाठीवर ओझं असलेला एक माणूस दलदलीत रुतलाय आणि त्याच्याबरोबर निघालेला शेजारी त्याच्यावर चिडलाय. हा माणूस कोण, घर सोडून कशाला निघाला, हे मला पुढे नर्सिंगला गेल्यावर कळलं, हॉस्टेलच्या कपाटात अख्खी प्रत सापडली तेव्हा.

ते पुस्तक म्हणजे जॉन बन्यनचं 'पिलग्रिम्स प्रोग्रेस'. १६७८ साली ते लंडनमध्ये छापलं गेलं आणि पुढे दोनशेहून जास्त भाषांत पोचलं. मराठीत ते १८४१ सालीच आलं. हरि केशवजींनी त्याचं भाषांतर केलं आणि नाव दिलं 'यात्रिकक्रमण'. पहिली मराठी कादंबरी म्हणून आपण जिचं नाव घेतो, ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' त्यानंतर सोळा वर्षांनी आली.

गोष्ट थोडक्यात अशी. ख्रिस्ती नावाचा माणूस पाठीवरच्या ओझ्याने हैराण होऊन, आपलं गाव नाश पावणार या भीतीने घर सोडतो आणि स्वर्गीय नगरीच्या वाटेला लागतो. वाटेतल्या प्रत्येक माणसाचं नाव म्हणजे त्याचा स्वभाव, आणि प्रत्येक ठिकाणाचं नाव म्हणजे मनाची एक अवस्था. मी इथे ही नावं माझ्या मराठीत सांगणार आहे.

चौतीस वर्षं नर्सचं काम करून मी आता निवृत्त झाले आहे. आमच्या महिला मंडळात दर बुधवारी संध्याकाळी आम्ही हे पुस्तक वाचतो. तरुण सुना विचारतात, "मावशी, इतकं जुनं पुस्तक, आज आम्हाला त्याचं काय?" त्यांना मी जे तुकड्यातुकड्याने सांगत आले ते आज एका जागी लिहिते आहे.

१. दलदल ही वाटेवरची जागा आहे

मिस्टर गेले तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते. मुलं शाळेत, सासूबाई अंथरुणाला टेकायला आलेल्या. तेराव्या-चौदाव्या दिवशी मी ड्यूटीवर हजर झाले आणि पुढचे आठ महिने सगळी कामं केली. पण घरी आल्यावर चप्पल काढून दारातल्या कट्ट्यावर बसले की आत जाऊन दिवा लावायची ताकद उरायची नाही. मुलगी आतून म्हणायची, "आई, अंधार झाला." मला ऐकू यायचं, पण उठवायचं नाही.

लोक सल्ले द्यायचे. देव परीक्षा बघतो म्हणायचे, मुलांकडे बघ म्हणायचे, इतकं मनाला लावून घेऊ नकोस म्हणायचे. त्या दिवसांत मला आजोबांच्या पुस्तकातलं पहिलं पान, म्हणजे माझं पहिलं पान, आठवलं. बन्यन लिहितो की नैराश्याची ही दलदल बुजवायला राजाची माणसं सोळाशे वर्षं राबत आहेत. चांगल्या उपदेशाच्या वीस हजार गाड्या तिने गिळल्या, तरी ती दलदलच आहे. स्वतः उपदेशक असलेला माणूस हे लिहितो! मला त्याचा केवढा आधार वाटला. सल्ला ऐकूनही मी बरी होत नव्हते हा माझ्या विश्वासाचा दोष नव्हता. त्या जमिनीचा स्वभावच तसा होता. पुस्तकाच्या दुसऱ्या भागात तर तो आणखी स्पष्ट बोलतो: काही जण राजाचे मजूर असल्याचं सांगून दगडांऐवजी घाण आणि शेण आणून टाकतात आणि जागा आणखी बिघडवतात. शोक करणाऱ्या घरी जाऊन बोलणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं.

याच प्रसंगात आणखी एक बारीक गोष्ट आहे. चंचल नावाचा शेजारीही त्याच दलदलीत पडतो आणि बाहेरही पडतो, पण आपल्या घराच्या बाजूने. ख्रिस्ती बुडत असतानाही घरापासून लांबच्या काठाकडे सरकत राहतो. तिथे मदत नावाचा माणूस येतो. तो विचारतो, पायऱ्या का नाही पाहिल्यास? आणि उत्तर ऐकून, उपदेश न करता 'हात दे' म्हणतो. आमच्या वॉर्डातली एक आयाबाई त्या आठ महिन्यांत दर शनिवारी माझ्या घरी येऊन दळण घेऊन जायची आणि पीठ आणून ठेवायची. उपदेशाचा शब्द नाही. मी तिला मनातल्या मनात मदत म्हणते, अजूनही.

२. मोठ्या गोष्टी स्वयंपाकघरातल्या शब्दांत सांगता येतात

आमच्या गावात वर्षातून दोनदा कल्हईवाला यायचा. चिंचेखाली खड्डा करून भाता लावायचा, पातेलं लालसर तापवायचा, नवसागराची चिमूट टाकली की पांढरा धूर उठायचा, मग कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्याने सर्रकन पुसायचा. काळं पातेलं आतून चांदीसारखं व्हायचं. आजोबा एकदा माझ्या शेजारी उभे राहून म्हणाले, "बाळ, त्या पुस्तकाचा लेखक असाच गावोगाव भांडी नीट करत हिंडायचा."

बन्यन १६२८ साली इंग्लंडात बेडफर्डजवळच्या एल्स्टो गावी जन्मला. बापही भांडी सांधणारा, मुलगाही तेच करणारा. त्याचं नाव आणि १६४७ साल कोरलेली ऐरण आजही जपून ठेवलेली आहे. शिक्षण बेताचं. पहिल्या बायकोने सासरी येताना आणलेली दोन धर्मपुस्तकं हीच काय ती घरातली संपत्ती. पुढे तो बिनपरवाना उपदेश करायला लागला आणि १६६० च्या नोव्हेंबरात पकडला गेला. यापुढे उपदेश करणार नाही एवढं कबूल केलं असतं तर सुटला असता. त्याने कबूल केलं नाही आणि बारा वर्षं बेडफर्डच्या तुरुंगात काढली. थोरली मुलगी मेरी जन्मतः आंधळी होती. तिच्या आठवणीने आतून तुटायचा, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. घर चालावं म्हणून कोठडीत बसून तो नाड्यांना धातूची टोकं लावायचा. दुसरी बायको एलिझाबेथ न्यायाधीशांपुढे उभी राहून त्याच्यासाठी बोलली, तेही व्यर्थ गेलं.

असा माणूस जेव्हा धर्माविषयी लिहितो तेव्हा त्याच्या हाताला रोजच्या वस्तू लागतात. उलगडून सांगणाऱ्याच्या घरातला प्रसंग घ्या. एका दिवाणखान्यात धूळ साचलेली आहे. एक माणूस झाडू घेऊन झाडायला लागतो आणि इतका धुरळा उडतो की ख्रिस्ती गुदमरतो. मग एक मुलगी येऊन पाणी शिंपडते आणि खोली सहज झाडून होते. झाडणारा म्हणजे नियमशास्त्र, पाणी शिंपडणारी म्हणजे सुवार्ता. हे वाचून आजी हसली होती. रोज पहाटे अंगणात सडा टाकल्याशिवाय तिने कधी झाडूला हात लावला नव्हता. "एवढं पुस्तकात लिहायला लागतं होय?" म्हणाली. पण त्यानंतर आम्हा नातवंडांवर कुणी तडतडायला लागलं की ती आतून ओरडायची, "आधी पाणी शिंपडा!"

मी वॉर्ड इनचार्ज झाले तेव्हा हे वाक्य बरोबर घेऊन गेले. नवीन मुलीने चूक केली की आधी तिला बाजूला बोलावून चहा द्यायचे, चुकीबद्दल नंतर बोलायचे.

३. जगशहाण्याचा आवाज गोड असतो

ख्रिस्तीला वाटेत जगशहाणा नावाचे गृहस्थ भेटतात. हे पात्र पहिल्या आवृत्तीत नव्हतं, बन्यनने ते नंतरच्या आवृत्तीत घातलं. मला वाटतं, पुस्तक छापून आल्यावर त्याला जाणवलं असेल की खरा धोका राक्षसांआधीच भेटतो. जगशहाणा प्रेमाने विचारपूस करतो, ओझं बघून हळहळतो आणि एक सोपी वाट सांगतो: पलीकडच्या गावात एक सभ्य गृहस्थ राहतात, ते हे ओझं झटक्यात उतरवून देतील, एवढा त्रास कशाला? ख्रिस्ती वळतो. त्या वाटेवरची टेकडी मात्र इतकी डोक्यावर आलेली असते की आता कोसळेल म्हणून त्याचे पाय थिजतात.

नात्यातल्या एकाच्या कर्जाला मी जामीन राहिले होते आणि ते कर्ज माझ्या अंगावर आलं. तेव्हा एका सुशिक्षित, देवळात पुढच्या बाकावर बसणाऱ्या माणसाने मला मागची तारीख टाकून एक कागद करायचा सल्ला दिला. किती मायेने बोलत होते ते! मी दोन रात्री विचार केला. हप्ते फेडायला सहा वर्षं लागली.

४. ओझं आपल्या वेळेने पडतं

याबद्दल मला जास्त लिहावं लागेल.

लहानपणी मला वाटायचं, ख्रिस्ती अरुंद दारातून आत गेला की ओझं उतरलं पाहिजे. तो दारावर तशी विनंतीही करतो. पण द्वारपाल सांगतो, अजून थोडं वाहा, जागा आली की आपोआप पडेल. मग तो उलगडून सांगणाऱ्याच्या घरी जातो, तिथेही ओझं पाठीवरच. पुढे एका चढावर क्रूस दिसतो आणि खाली एक उघडी कबर. तो नुसता बघत उभा राहतो आणि ओझ्याचे बंद सुटतात, ते गडगडत कबरीच्या तोंडात जातं आणि दिसेनासं होतं. त्याने हात लावलेला नसतो. तो रडतो आणि मग तीन उड्या मारतो. एवढा मोठा माणूस उड्या मारतो, हे मला लहानपणी फार आवडायचं.

माझी आई गेली तेव्हा मी ड्यूटीवर होते. निरोप आदल्या दिवशी आला होता, आई तुझं नाव घेते आहे म्हणून. त्या आठवड्यात दोन सिस्टर रजेवर होत्या आणि डबल ड्यूटीचे पैसे मिळणार होते, मुलाची फी भरायची होती. उद्या सकाळच्या एसटीने निघते असं मी कळवलं. दुसऱ्या दिवशी गावच्या फाट्यावर उतरले तेव्हा भावाचा मुलगा सायकल घेऊन उभा होता. त्याने माझी पिशवी घेतली आणि काही बोललाच नाही.

शेकडो लोकांच्या उशाशी बसलेली मी, आईच्या उशाशी नव्हते. पाळकसाहेब म्हणाले, देवाने क्षमा केली आहे. मलाही ते पाठ होतं. प्रार्थना केल्या, उपास केले, आईच्या नावाने देवळात दिवे दिले. ओझं हललं नाही. अकरा वर्षं ते पाठीवर होतं. या काळात मला पुस्तकातलं ते द्वारपालाचं बोलणं धरून राहता आलं: दाराच्या आत आलेल्या माणसाच्या पाठीवरही ओझं असू शकतं. तो वाटेवरच असतो.

मग एका उत्तम शुक्रवारी, तीन तासांच्या उपासनेत, क्रुसावरच्या सात उद्गारांवर बोलणं चाललं होतं. बाहेर चैत्रातलं ऊन, पंखे बंद पडलेले, मी बुलेटिनने वारा घेत होते. तिसरा उद्गार आला. मरणाऱ्या मुलाला खाली उभी असलेली आई दिसते. तो तिला सांभाळू शकणार नाही, म्हणून तिला दुसऱ्याच्या हाती सोपवतो. हा भाग मी दरवर्षी ऐकला होता. त्या दिवशी एवढंच मनात आलं की आईजवळ थांबता न येणं काय असतं हे त्याला माहीत आहे. आणि माझ्या आईला त्या रात्री माझ्या भावजयीने मांडीवर घेतलं होतं, हे मी अकरा वर्षांत एकदाही नीट आठवलं नव्हतं. हातातला कागद खाली पडला. शेजारच्या बाईने तो उचलून दिला आणि माझ्याकडे बघून पदराचं टोक पुढे केलं.

उड्या मारल्या नाहीत. पण त्या संध्याकाळी भावजयीला फोन केला आणि खूप वेळ बोललो.

५. विसाव्याचा मांडव आणि हरवलेली गुंडाळी

अवघड टेकडीच्या मध्यावर एक सावलीचा मांडव आहे. तो टेकडीच्या धन्यानेच दमलेल्यांसाठी बांधलेला आहे, म्हणजे थांबणं मुळीच चूक नाही. ख्रिस्ती तिथे गाढ झोपतो आणि हातातली गुंडाळी, त्याचा नगरीत शिरायचा दाखला, निसटून पडते. वर गेल्यावर लक्षात येतं आणि त्याला मागे यावं लागतं. एकच रस्ता तीनदा चालणं. निवृत्तीनंतरची दोन वर्षं मी अशीच मांडवात घालवली. टीव्हीसमोर. एवढंच सांगते.

६. बाजार

व्यर्थतेचा बाजार बहुतेकांना नावाने तरी माहीत असतो, थॅकरेने आपल्या कादंबरीला तेच नाव दिलं. तिथे घरं, जमिनी, मानमरातब, पदव्या, राज्यं, नवरे, बायका, मुलं, जीव, सगळं विक्रीला आहे. यात्रेकरूंची वाट बाजाराच्या मधूनच जाते, वळसा घालायची सोय नाही. तरुण सुना हे वाचताना आपापल्या मोबाइलकडे बघतात, मला काही सांगावं लागत नाही. मी त्यांना एवढंच दाखवते की ख्रिस्ती आणि त्याचा सोबती विश्वासू यांच्यावर लोक चिडतात ते त्यांच्या उपदेशामुळे नव्हे. त्यांचे कपडे वेगळे, बोली वेगळी आणि ते काही विकत घेत नाहीत, म्हणून. विश्वासूवर खटला चालतो आणि त्याला जाळतात. न्यायालयाचं ते प्रकरण बन्यनने मनाने रचलेलं वाटत नाही. पंच आधीच ठरवून बसलेले, साक्षीदार आपापल्या मतलबाने बोलणारे. आरोपी म्हणून उभं राहिलेल्या माणसालाच हे असं लिहिता येतं.

७. किल्ली छातीशीच असते

मला या पुस्तकातला कुठलाही एकच भाग ठेवायला सांगितला तर मी संशयगड ठेवीन.

विश्वासू गेल्यावर ख्रिस्तीला आशावान नावाचा सोबती मिळतो. रस्ता खडकाळ होतो, पाय सोलवटतात. कुंपणापलीकडे मऊ कुरण दिसतं आणि वाटेला समांतर जाणारी पायवाट. ख्रिस्तीच म्हणतो, इकडून जाऊ. अंधार पडतो, पाऊस येतो, वाट हरवते. सकाळी निराशा नावाचा राक्षस त्यांना आपल्या जमिनीवर झोपलेले पकडतो आणि गडाच्या कोठडीत टाकतो. बुधवार सकाळपासून शनिवार रात्रीपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, उजेड नाही. राक्षस बायकोच्या सल्ल्याने त्यांना झोडपतो, आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगतो, तुम्ही इथून सुटणार नाही, तर मग स्वतःला संपवून का टाकत नाही? साधनंही तोच सुचवतो.

साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या धर्मपुस्तकात, एका श्रद्धावान माणसाच्या तोंडी, जगण्यापेक्षा मरण बरं असं बोलणं आहे. ख्रिस्ती ते खरंच म्हणतो. या वेळेपर्यंत त्याचं ओझं पडलेलं आहे, दुसऱ्या एका राक्षसाशी त्याची लढाई जिंकून झाली आहे, मृत्यूच्या छायेची दरी त्याने ओलांडली आहे, आणि तरीही त्याच्या मनात हे येतं. आपल्या मंडळ्यांमध्ये ज्या घरात असं घडलं त्या घराबद्दल लोक कसे कुजबुजतात हे मी पाहिलं आहे. त्यांना मी हे पान वाचून दाखवते.

आशावान काय करतो बघा. तो पाप-पुण्याचं बोलतो हे खरं, पण त्याबरोबर अगदी साध्या शक्यता मोजतो. काय सांगावं, राक्षस मरेल. एखाद्या दिवशी कुलूप लावायला विसरेल. त्याला पुन्हा झटका येईल. कारण या राक्षसाला ऊन पडलं की झटके येतात आणि हात लुळा पडतो. म्हणून, भावा, आणखी थोडं थांबू.

एक शिकाऊ नर्स होती, एकोणीस वर्षांची. रात्री अडीच वाजता ती औषधांच्या कपाटापाशी नुसती उभी होती. मी राउंडवरून येत होते. तिच्या हातात काही नव्हतं, पण कपाटाची किल्ली कुलपात होती. मी तिला काही विचारलं नाही. म्हटलं, "चल, स्टोव्ह पेटव, दूध तापवू." पहाटेपर्यंत आम्ही बसलो. साडेचारला ती बोलली. मी तिला उपदेश केला नाही, मला तेव्हा सुचलाही नाही. सकाळी तिच्या थोरल्या बहिणीला बोलावलं आणि दोघींना घेऊन मी स्वतः डॉक्टरांकडे गेले. उपचार बराच काळ चालले. आज ती मुलगी स्वतः इनचार्ज आहे.

पुस्तकात शनिवारी मध्यरात्री ते दोघं प्रार्थना करायला बसतात आणि पहाटेच्या थोडं आधी ख्रिस्तीला अचानक आठवतं: माझ्या छातीशी वचन नावाची किल्ली आहे, ती या गडाचं कुठलंही कुलूप उघडते. चार दिवस ती तिथेच होती! पहिली दोन दारं सहज उघडतात. शेवटच्या लोखंडी फाटकाचं कुलूप मात्र अतिशय जड जातं. हे जड जाणं बन्यनने लिहिलं, सोपं करून टाकलं नाही, म्हणून माझा त्याच्यावर विश्वास बसतो. बाहेर आल्यावर दोघं त्या कुंपणापाशी खांब उभारून त्यावर इशारा कोरतात, पुढच्यांसाठी.

८. जे मला पटत नाही

वाचकाने हेही बोललं पाहिजे. पहिल्या भागाच्या अगदी शेवटी अज्ञानी नावाचा तरुण नावेतून नदी ओलांडून नगरीच्या दारापर्यंत पोचतो. त्याच्याकडे दाखला नसतो. त्याचे हातपाय बांधून त्याला तिथूनच नरकाच्या वाटेवर ढकलतात, आणि तो भाग संपतो. मी हे अनेकदा वाचलं आणि दर वेळी मला वाटतं, कुणीतरी त्याला वाटेत थांबवून आणखी एक रात्र त्याच्याशी बोलायला हवं होतं. कॅथलिकांबद्दलही बन्यन त्याच्या काळासारखंच कडवट लिहितो. वसईहून आलेली माझी जिवलग मैत्रीण कॅथलिक होती, तिच्याबरोबर वाचताना तो भाग मी गाळत नव्हते, पण तिची माफी मागून पुढे जायचे.

आणि सुरुवातीलाच तो माणूस कानात बोटं घालून, मागे हाका मारणाऱ्या बायकापोरांना सोडून पळतो. माझ्या सासूबाईंना मी हे पुस्तक वाचून दाखवायचे, त्यांची नजर गेली होती. त्या पानाशी त्या म्हणाल्या, "हा चालला. आणि तिचं काय?"

९. तिचं काय

सहा वर्षांनी, १६८४ साली, बन्यनने दुसरा भाग लिहिला तो याच प्रश्नावर. ख्रिस्तीची बायको ख्रिस्तीना चार मुलं आणि शेजारची दया नावाची मुलगी यांना घेऊन त्याच वाटेने निघते. बरेच जण हा भाग वाचत नाहीत. मला तो जास्त प्रिय आहे. एकट्या वीराची गोष्ट इथे कुटुंबकबिल्याची होते. रस्त्यात लग्नं होतात, मूल आजारी पडतं, वैद्य येतो, आणि वाटाड्या विशालमन सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या चालीने चालतो.

या काफिल्यात सगळे अधू गोळा होतात. कुबड्या घेतलेला एक जण. संशयगडातून सोडवलेले उदासराव आणि त्यांची मुलगी भयभीता. आधीच पुढे गेलेल्या भित्रेबुवांची तर नुसती आठवण सांगितली जाते: दलदलीच्या काठी ते महिन्याहून जास्त काळ पडून होते, आणि ओलांडल्यावरही त्यांच्या मनातच एक दलदल होती, ती ते सगळीकडे बरोबर न्यायचे. हे वाचलं तेव्हा मला माझं पहिलं कलम थोडं दुरुस्त करावं लागलं. काहींच्या बाबतीत ती जागा मागे पडत नाही. तरी भित्रेबुवाही पोचतात. नमतेपणाच्या दरीत तर ते जमिनीला मिठी मारतात, फुलांचे मुके घेतात, आणि शेवटी नदीपाशी आल्यावर पाणी कधी नव्हे इतकं उतरलेलं असतं, जेमतेम पाय भिजतील एवढं.

विशालमन निराशा राक्षसाला मारतो तेव्हा काफिल्यात वाजवणं-गाणं होतं. कुबडीवाला एका हातात कुबडी धरूनच भयभीतेबरोबर नाचतो आणि चांगलं नाचतो. महिला मंडळात हे वाचलं त्या बुधवारी आमच्यातली एक, जिची कंबर मोडली होती, वॉकर पुढे घेऊन उठली आणि टाळ्यांच्या तालावर दोन पावलं टाकून दाखवली. सगळ्या रडत होतो आणि हसत होतो.

नदीवर पूल नाही. पहिल्या भागात ख्रिस्ती, एवढा अनुभवी यात्रेकरू, तिथे बुडायला लागतो आणि आशावान त्याचं डोकं पाण्यावर धरून ठेवतो. दुसऱ्या भागात एकेकाला निरोपाचं पत्र येतं आणि बाकीचे काठापर्यंत सोबत करतात. भयभीता नदीतून गात गात जाते, पण ती काय गाते हे कुणालाच कळत नाही.

सासूबाई बावीस वर्षं माझ्याजवळ होत्या. मरणाला फार भ्यायच्या, रात्री दिवा मालवू द्यायच्या नाहीत. हा शेवटचा भाग त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतला होता. शेवटच्या रात्री मी उशाशी होते, त्यांचा हात माझ्या हातात. नाडी बारीक झाली होती. दोनच्या सुमाराला त्यांनी स्वतःहून सांगितलं, "दिवा घालव, डोळ्यांवर येतो." मी घालवला. थोड्या वेळाने त्या गुणगुणायला लागल्या. चाल ओळखीची होती, आमच्या उपासना संगीतातल्या एका गीताची. मी कान तोंडाजवळ नेला, मुलीलाही हाक मारून उठवलं. दोघींनी खूप प्रयत्न केला, शब्द लागले नाहीत.